रिकाम्या टेबलावरचा पंप

"अहो, मशीन! मशीन!"

ती एवढ्या जोरात ओरडली की त्याच्या हातातला चहाचा कप हिंदकळला. कप टेबलावर ठेवता ठेवता त्याने वर उचलला, दोन पावलं मागे सरकला आणि पाहिलं, तर टेबल रिकामं!

ती कानापर्यंत लाल झाली. मशीन होतं, पण तिच्या टॅबलेटमध्ये. त्याच्या कॅमेऱ्यातून पाहिलं की टेबलावर सलाइन मोजून देणारा पंप उभा दिसायचा, अगदी सावलीसकट. बोटाने दार उघडायचं, नळी बसवायची, दार लावायचं, की हिरवा दिवा लागायचा. हॉस्पिटलांतून हिंडून असा नसलेला पंप दाखवायचा, हीच तिची नोकरी. दाखवून दाखवून आता तिलाच तो खरा वाटायला लागला होता.

"लागलं तर नाही ना त्याला?" त्याने गंभीरपणे विचारलं.

"सॉरी, ब्रदर..."

"पुरुष नर्स म्हणून सगळं हॉस्पिटल मला ब्रदर म्हणतं. तुम्ही तेवढं... नाही म्हटलंत तरी चालेल."

त्या दिवसापासून तो त्या टेबलाला वळसा घालून जायला लागला. ती दर मंगळवारी यायची. मोठ्या सिस्टर वॉर्डाच्या प्रमुख, त्यांच्या नजरेतून काही सुटायचं नाही.

"ब्रदर, वाट वाकडी कशाला करताय? तिथे खड्डा आहे का?"

"मशीन आहे, सिस्टर. धक्का लागेल."

ती टॅबलेटमध्ये तोंड लपवून हसायची.

वॉर्डासाठी दोन पंपांतून एक निवडायचा होता. एका मंगळवारी कुणी नाहीसं बघून त्याने हळूच विचारलं, "याचं दार लावायला जोर लागतो का हो?"

"छे! अलगद लागतं. मी रोज लावते की."

शब्द तोंडातून गेले आणि ती मनातून चरकली. खरा पंप तिने कंपनीच्या काचेच्या कपाटात पाहिला होता. हात कधी लावलाच नव्हता.

त्याचा चेहरा मात्र उजळला. त्याने उजवा अंगठा पुढे केला. "लहानपणी दारात चेंगरला. हाड जुळलं, जोर काही आला नाही. आताच्या पंपाचं दार लावताना मी सगळ्यांकडे पाठ करून उभा राहतो. कुणाला दिसू नये म्हणून... हे कुणाला सांगितलं नाहीये. तुम्हालाच सांगतोय."

तिला टॅबलेटकडेही बघवेना.

ती निघत असताना त्याने सिस्टरांना सांगितलेलंही तिने ऐकलं, "हाच घेऊ या. माझी खात्री आहे."

घरी तिने सगळं सांगितलं तेव्हा ताईने ताट पुढे सरकवलं. "खोटं बोललीस ना? मग आता तूच निस्तर. उद्या जाऊन सरळ सांग."

दुसऱ्या दिवशी खरा पंप चाचणीसाठी येणार होता. ती लवकर पोचली. तो दारातच भेटला, दाढी करून, नव्या गणवेशात. "आज मी पहिला लावणार. सगळ्यांसमोर!" त्याचं ते हसू पाहून तिने सांगायचं पुढे ढकललं.

टेबलावर खरा पंप, खाली सलाइन झेलायला बादली, भोवती सगळा वॉर्ड. त्याने नळी बसवली. या वेळी पाठ केली नाही. दार दाबलं. लागलं नाही. पुन्हा दाबलं. अंगठा थरथरायला लागला.

"काय ब्रदर, सकाळी खाल्लं नाही वाटतं!" मागून कुणीतरी म्हणालं आणि खसखस पिकली.

त्याने हात खिशात घातला. तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याने चारचौघांत चार शब्द सुनावले असते तरी तिला बरं वाटलं असतं.

"हसू नका," ती पुढे आली. "चूक माझी आहे. दार अलगद लागतं असं मीच सांगितलं. मी खऱ्या पंपाला आजवर हातही लावलेला नाही."

तिने दार दाबलं. तिलाही लागेना. दोन्ही अंगठ्यांनी रेटलं तेव्हा कुठे खट्कन लागलं, नि तिचं नख तुटलं.

"मग इतके दिवस काय दाखवत होतीस, बाई?" सिस्टरांनी विचारलं.

"चित्र," ती मान खाली घालून म्हणाली.

"निवड आठवडाभर पुढे. हाताने शिकून ये, मग बोल."

तिने मागे वळून पाहिलं. तो कधीच निघून गेला होता.

कंपनीत तिने काचेचं कपाट उघडायला लावलं. चार दिवस दार लावलं, उघडलं, लावलं. चौथ्या दिवशी तिला समजलं, की अंगठ्याने दाबायचंच नाही. खालच्या कोपऱ्यावर तळहाताचा मनगटाकडचा भाग ठेवून अंगाचा भार दिला, की दार निमूट लागतं.

मंगळवारी तिने सगळ्यांना तसंच शिकवलं. तो शेवटी आला. तळहात टेकवला, भार दिला, खट्! हिरवा दिवा लागला. सगळ्यांदेखत. सिस्टर फक्त "हं" म्हणाल्या आणि कागदावर सही केली.

पंप खाटांपाशी गेला. ती रिकाम्या टेबलापाशी सामान आवरत होती. तो चहा घेऊन आला, कप हवेतच धरून थांबला.

"ठेवू? की आहे काही इथे?"

"काही नाही."

"नक्की? तुमचा काही भरवसा नाही."

ते तिला लागलं. "तुम्ही विचारलंत ना, तेव्हा... तुमचा चेहरा पडलेला मला बघवला नसता. म्हणून बोलून गेले. लाज वाटते मला. अजून वाटते."

"मलाही वाटायची. अंगठ्याची." तो थांबला. "मी पळून गेलो, ते अंगठ्यामुळे नाही. तुम्ही एकट्या उभ्या राहिलात आणि मी... गेलो. त्याचीही वाटते."

तिने आपला हात टेबलावर उताणा ठेवला. तळव्यावर निळा वळ उठला होता.

"हे तरी खरं आहे," ती म्हणाली. "हात लावून बघ."

त्याने कप ठेवला. खिशातला उजवा हात बाहेर काढला आणि तिची बोटं आपल्या मुठीत मिटली, त्या अधू अंगठ्यासकट.

जोर अजिबात लागला नाही.