रामदासच्या हातचं काम

मागच्या फाल्गुनात शोभा माझ्या दुकानात आली, ती काही दुरुस्तीला घेऊन आली नव्हती. तिला माझा शब्द हवा होता.

माझा शब्द म्हणजे काय, ते आधी सांगते. नवागाममध्ये माझं दुकान आहे. मी चौथी शिकले, लग्न होऊन धुळ्याकडून सुरतेला आले आणि रेडिओ उघडून उघडून रेडिओ शिकले. कुणी शिकवलं नाही. आज बडोद्याहून, पुण्याहून शौकीन लोक जुने गिटारचे अॅम्प्लिफायर घेऊन येतात आणि विचारतात, कलाबाई, ही पेटी रामदासच्या हातची आहे का? मी हो म्हटलं तर हो. फोनवर फोटो पाठवणाऱ्याला मी उत्तरच देत नाही. पेटी समोर आणा, मागची फळी काढू द्या, मग बोलेन.

रामदास मिस्त्री मूळचा यंत्रमागावरचा कारागीर. सत्तरच्या सुमाराला ऑर्केस्ट्रावाल्यांकडे परदेशी वॉल्व्हच्या पेट्या यायच्या. त्या आपल्या विजेवर तापून जळायच्या, आणि लग्नाच्या गोंगाटात गिटार ऐकूच यायची नाही. रामदास त्या पोटातून बदलून द्यायचा. मग तीच गिटार अशी रडायची की वऱ्हाडी जेवायचे थांबत. पेटीवर नाव, नंबर त्याने कधी घातला नाही. पण बाकीचे मिस्त्री तारांना चिकटपट्टी गुंडाळत, हा मेण लावलेल्या सुताने बांधी. गाठ मागावरची, ताण्याचा धागा तुटला की कारागीर चालत्या मागावर मारतो ती. रामदास डावखुरा, त्यामुळे त्याची गाठ उलटी बसे. नक्कल करणाऱ्यांना सूत मिळतं, मेण मिळतं, तो हात मिळत नाही. मला त्याने दुकानाची पायरी चढू दिली नव्हती. बाईमाणसाचं काम नाही म्हणाला. म्हणून मी त्याच्या पेट्या उघडून शिकले. त्याचा हात त्याच्या बायकोपेक्षा मला जास्त ठाऊक आहे.

शोभा त्याची मुलगी. ती तीन वर्षांची असताना, चौऱ्याऐंशी साली, रामदास हत्यारांची पिशवी घेऊन घरातून निघाला तो परत आलाच नाही. तिची आई सखुबाई अजूनही चाळीतल्या त्याच खोलीत राहत होती. वरच्या स्लॅबचे तुकडे पडत होते, सळया उघड्या पडल्या होत्या, चाळीतली बाकीची बिऱ्हाडं केव्हाच निघून गेली होती. सुरतेबाहेर सचिन गावाला शोभाच्या घरी आईसाठी जागा होती, पण म्हातारी हलेना. तो आला आणि दाराला कुलूप दिसलं तर, म्हणे. बरीच भांडणं झाल्यावर ती शेवटी एवढंच बोलली होती, की तो जिवंत असेल तर काम केल्याशिवाय राहायचा नाही. चौऱ्याऐंशीनंतरचं त्याच्या हातचं काम कुठे आहे का, ते कलाला विचार. कला नाही म्हणाली तर मी येते.

"मावशी, उचलून नेऊ शकतो आम्ही तिला," शोभा म्हणाली. "पण मग ती माझ्या घरी जगायची नाही."

मी तोवर रामदासच्या अकरा पेट्या उघडल्या होत्या. सगळ्या चौऱ्याऐंशीच्या आतल्या. बारावी कडोदऱ्याला हेमराजकडे होती, हे मला माहीत होतं. हेमराजची पूर्वी ऑर्केस्ट्रा पार्टी होती. चाळीस वर्षं मी मागे लागले होते, त्याने ती दाखवली नव्हती. ती बघितल्याशिवाय नाही म्हणणं माझ्यात बसत नाही.

या वेळी सखुबाईचं नाव घेतलं आणि हेमराज मुकाट्याने किल्ली घेऊन उठला.

भर दुपार होती. बंद पडलेल्या कारखान्याच्या मागे त्याचं गोदाम, आणि भिंतीपलीकडे दुसऱ्याचे चालू माग, इतके खडखडणारे की बोलणं कानात ओरडून करावं लागत होतं. कुलूप काढून तो उंबऱ्यातच थांबला. तिथेच त्याने मला जे सांगितलं, ते त्याने कुणालाच सांगितलेलं नव्हतं. चौऱ्याऐंशीत एका लग्नात ही पेटी मध्येच बंद पडली. वऱ्हाडी ओरडत होते, म्हणून रामदासने ती चालू ठेवूनच आत हात घातला. तो हात मग त्याने काढला नाही. पोलिसांच्या भीतीने पार्टीच्या चौघांनी त्याला उजाडायच्या आत नदीकाठी जाळला.

"अग्नी मीच दिला, कलाबाई. तेव्हापासून ही पेटी इथे आहे. कुणी हात लावलेला नाही."

म्हणजे माझं उत्तर झालं होतं. परत फिरायचं, शोभाला सांगायचं, संपलं. पण दुसऱ्याच्या सांगण्यावर मी आजवर कधी बोललेली नाही. मी बॅटरी घेऊन आत गेले.

पेटीवर बोटभर धूळ. मागच्या फळीचे स्क्रू गंजून लाकडात रुतलेले. फळी निघाली आणि आतून वास आला, मेणाचा, ताज्या कोमट मेणाचा. आत धुळीचा कण नव्हता.

तारा सुताने बांधलेल्या, गाठ उलटी. भिंग लावून बघितलं. त्याचाच हात. मग मी कंडेन्सर बघितले, त्यांच्यावर बनल्याचं साल छापलेलं असतं. पहिला अठ्ठ्याहत्तरचा. बरोबर. त्याच्या शेजारचा एक्याण्णवचा. मी चष्मा पुसला. एक्याण्णवच होतं. त्यापलीकडे दोन हजार तीनचा. आणि कोपऱ्यात एक अगदी छोटा, आजकाल मिळतो तसला, दोन वर्षांपूर्वीचा. चारही ठिकाणी तेच सूत, तीच गाठ. सगळ्यात नव्या गाठीचं सूत पांढरंशुभ्र होतं.

मला नक्कल ओळखता येते. ही नक्कल नव्हती.

तेवढ्यात वीज गेली आणि पलीकडचे माग एकदम थांबले. इतक्या गोंगाटानंतर शांतता कानाला दुखते. त्या शांततेत माझ्या हाताशी, पेटीत, बारीक आवाज येत होता. मेणाच्या गोळीवरून सूत ओढताना येतो तो. सर्रर्र... थांबे. पुन्हा सर्रर्र...

उंबऱ्यातून हेमराज हलकेच म्हणाला, "ऐकू येतंय ना... म्हणून मी आत येत नाही."

मी फळी लावली. घाई केली नाही, हे सांगायला हवं. पण स्क्रू मोजले नाहीत.

सखुबाईकडे गेले तेव्हा ऊन उतरलं होतं. शोभा आधीच येऊन बसली होती. माझ्या पायाशी सिमेंटचा खपला पडला आणि म्हातारीने तो रोजच्यासारखा झाडूने बाजूला सारला. मी हेमराजचं सगळं सांगितलं. रामदास गेला, कसा गेला, अग्नी कुणी दिला. शोभा रडली. सखुबाई रडली नाही.

"ते मी विचारलं नव्हतं," ती म्हणाली. "त्यानंतरचं काम आहे का, सांग."

मी वर बघितलं. उघड्या सळया दिसत होत्या. आयुष्यात पेटीच्या बाबतीत मी खोटं बोललेली नव्हते.

"नाही," मी म्हटलं.

सखुबाईने मान हलवली. मग ती माझ्याकडे नाही, शोभाकडे नाही, खिडकीखालच्या मोकळ्या कोपऱ्याकडे वळली आणि आमच्या अहिराणीत म्हणाली, "आयकं का... कला म्हनस, काम सरनं. चाला आते घर." नवऱ्याला जेवायला उठवावं इतक्या साध्या आवाजात.

त्याच संध्याकाळी ती सचिनला गेली. नवव्या दिवशी स्लॅब कोसळला. खोली रिकामी होती. माझ्या खोट्याने एक जीव वाचला, आणि मला त्याची लाज नाही.

हेमराजचा फोन आला, गोदामातला आवाज त्या दिवसापासून बंद आहे म्हणून. शोभाचे मात्र फोन वाढले. आधी ती खुशीत होती. आई पोटभर जेवते, हसते. बंद पडलेला मिक्सर चालू झाला. तिला वाटलं गजेंद्रने, म्हणजे तिच्या नवऱ्याने केला, आणि गजेंद्रला वाटलं तिने मिस्त्री बोलावला. मग माळ्यावरचा पंखा फिरू लागला, मग इस्त्री तापू लागली. घरात बिघडलेलं काही उरलं नाही. मी विचारलं, यातलं काही उघडून बघितलंस का? नाही म्हणाली. मी म्हटलं, बघू नकोस.

काल तिने वेगळंच सांगितलं. गजेंद्रच्या छातीत तीन वर्षांपूर्वी ठोके सांभाळायचं मशीन बसवलंय. ते मला ठाऊक नव्हतं. चार दिवसांपासून दुपारी डोळा लागला की त्याला वाटतं, आत कुणीतरी काहीतरी हळूच आवळून बांधतंय. दुखत नाही. डॉक्टरने तपासलं, मशीन उत्तम चाललंय म्हणाला, पहिल्यापेक्षाही चांगलं.

"मावशी, तुम्ही येऊन बघता का एकदा?"

मी अजून गेलेली नाही. गेले तर म्हातारी मला पुन्हा तेच विचारेल. खरं सांगितलं तर ती रामदासला घेऊन परत निघेल, आणि परत जायला खोली उरलेली नाही.

फोन ठेवताना शोभाने आणखी एक सांगितलं. मशीन बसवलं तिथला वण परवापासून पिवळट, चिकट लागतो. हात फिरवला की बोटांना मेणाचा वास येतो.