प्रशिकची पाचवी आवृत्ती

तुम्ही विचारलं म्हणून सांगतो. एरवी हे मी घरीसुद्धा बोललेलो नाही.

नागपूरला मिहानमधल्या आमच्या छोट्याशा कंपनीत प्रशिक आणि मी दवाखान्यांसाठी घंटीचं यंत्र बनवायचो. पेशंटनं खाटेजवळचं बटण दाबलं की नर्सच्या टेबलावर घंटी वाजते, एवढंच. पण आमच्या तिसऱ्या आवृत्तीत ती कधीकधी चार-चार मिनिटं उशिरा वाजे. प्रशिकनं घंटीचं कर्नेल मॉड्यूल, म्हणजे यंत्राच्या गाभ्यात लोड होणारी प्रोग्रॅमची फाइल, पुन्हा लिहिलं, चौथी आवृत्ती केली, आणि नेमका न्यूमोनियानं आमचंच यंत्र असलेल्या वॉर्डात दाखल झाला.

चौथी बसवायला मी गेलो. तो खाटेवरून म्हणाला, "जितेंद्र, फाइल 'अपडेट्स' फोल्डरमध्येच टाकजो गा. जुनी तिथंच हाय, अन् मशीन आधी तिथंच पाहते. मंग कोणती लोड झाली ते चेक करजो."

बाहेरून आणलेलं मॉड्यूल 'एक्स्ट्रा' फोल्डरमध्ये टाकायची माझी जुनी सवय. हात तिकडंच गेला. तपासायला अर्धं मिनिट लागलं असतं, पण मला सदरला जेवायला जायची घाई होती.

"चेक केलं ना?"

"हो बे, केलं."

मशीननं जुनीच उचलली. त्या दुपारी प्रशिकनं बटण दाबलं आणि घंटी चार मिनिटांनी वाजली. नर्स पोचली तेव्हा तो गेला होता. दोष आजाराच्या माथी गेला, आणि मी जाऊ दिला.

दीड महिन्यानं, भर वैशाखात, चूक गुपचूप निस्तरायला मी पुन्हा त्या वॉर्डात गेलो. कूलर घरघरत होता, फिनाइलचा वास होता. एका रिकाम्या खाटेवर बसून लॅपटॉप यंत्राला जोडला. 'अपडेट्स'मध्ये तिसरी, 'एक्स्ट्रा'त चौथी. आणि लोड झालेली... पाचवी. लेखक, प्रशिक.

पाचवी कुणी लिहिलीच नव्हती. सगळी डिस्क धुंडाळली, फाइल कुठंच नाही.

सरिता सिस्टर जवळ आल्या. हळूच म्हणाल्या, "भाऊ, त्याले हात नका लावू... आता पेशंटनं बटण दाबायच्या आधीच घंटी वाजते. आमी पोचतो, अन् मंग त्याचा श्वास अटकते. किती जण वाचले. एकबी डाव खोटी नाही वाजली."

मी लॅपटॉप मिटला. बटण खाटेच्या उशाशी तसंच लटकत होतं.

घंटी वाजली.

सिस्टरनी टेबलावर लागलेला खाटेचा आकडा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, आणि ऑक्सिजनची नळी घेऊन पळत आल्या. "भाऊ, आडवे व्हा... काय होऊन राहिलं तुमाले?"

काहीच होत नव्हतं. अजून तरी. मी आडवा झालो, आणि डोळे भरून आले.

माह्यासाठी काहून वाजवून राहिला गा, प्रशिक?