बुचाची चकती

“ज्याच्या छातीवर बिल्ला न्हाई, तो पथकात न्हाई!” मच्छिंद्रानं फर्मान काढलं.

पिंपळगाव रेणुकाईत उन्हाळ्याची सुट्टी नुकती सुरू झाली होती, आणि या भल्यामोठ्या पथकात माणसं होती तीन! शेजारचा मच्छिंद्र, भिवामामाची बेबीनंदा आणि अंबडहून मामाकडे सुट्टीला आलेली सत्यशीला. बिल्ला म्हणजे सोड्याच्या बाटलीचं झाकण. त्याच्या आतली बुचाची पातळ चकती खिळ्यानं अलगद काढायची, झाकण कपड्यावर बाहेरून ठेवायचं आणि आतून चकती दाबून बसवायची. की झाला बिल्ला पक्का!

सत्यशीलाच्या चकतीचे मात्र काढतानाच तुकडे झाले. तरी दुसऱ्या दिवशी तिच्या फ्रॉकवर बिल्ला झळकत होता.

“नवी चकती कुठून आणली गं?” बेबीनंदानं विचारलं.

“सापडली,” सत्यशीला म्हणाली. तिचे कान गरम झाले.

सापडली कसली! भिवामामा सोसायटीच्या गोदामावर राखणदार होता. त्याची भाकरी पोचवायला ती गेली, तेव्हा कपाशीवर फवारायच्या औषधाचं उघडं खोकं तिला दिसलं. तिनं एका बाटलीचं झाकण फिरवून काढलं, केसातल्या आकड्यानं आतली चकती उचकटली आणि झाकण पुन्हा आवळून लावलं. एवढ्याशा चकतीनं काय बिघडतंय, असं तिनं स्वतःला समजावलं. बाटलीवर कवटीचं चित्र होतं, म्हणून हात धुतले, चकतीही धुतली. वास मात्र गेला नाही, आणि मनातली टोचणीही गेली नाही.

चार दिवसांनी मामा भरदुपारीच घरी आला. मान खाली घालून ओट्यावर बसला.

“एक बाटली अर्धी निघाली. झाकण बंद, जमीन कोरडी! सेक्रेटरी अप्पाराव म्हणले, मंग औषध काय उडून गेलं? तूच नेलं! उद्यापासून येऊ नको म्हणले.”

“बारा वर्सं राखण केली, अन् आता चोर?” कौसल्यामामीचा आवाज फाटला.

सांगून टाकावं, असं वाटून सत्यशीलानं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. स्वतःचाच तिला भयंकर राग आला.

“खरा चोर आपण हुडकू!” मच्छिंद्र उसळला.

“अन् सत्याताई आपली पुढारी!” बेबीनंदा म्हणाली. “तिचं डोकं लई चालतंय!”

धरणीनं पोटात घ्यावं, असं पुढारीणबाईंना झालं!

मामा किल्ल्या परत द्यायला निघाला, तेव्हा तिघंही त्याच्या मागोमाग गेली. गोदामात औषधांचा वास एवढा भरला होता की डोळे चुरचुरायला लागले. खोकं भिंतीशी आडवं पडलं होतं.

“मामा, खोक्यावरचा हा बाण वर पाहिजे ना?” मच्छिंद्र म्हणाला. “हा तर भिताडाकडं पाहून राह्यला!”

“चार दिसांमागं जागा न्हाई म्हणून अप्पारावांनीच खोकं बंद करून पोत्यावर आडवं टाकायला लावलं व्हतं. सकाळी पोतं काढून खोकं उघडलं, तवा ही बाटली अर्धी दिसली.”

“कसलं पोतं?” सत्यशीलानं विचारलं.

“जवारीचं. चक्कीवर गेलं. उद्या देवीचा भंडारा हाये ना, साऱ्या गावाचं जेवण.”

सत्यशीलानं खोक्याकडे पाहिलं. आडवी बाटली! आत चकती नाही! चार दिवस थेंब थेंब झिरपलं, आणि जमीन कोरडी, कारण सगळं पोत्यानं पिऊन घेतलं!

“पळा!” ती ओरडली. “चक्की थांबवा!”

पुक् पुक् पुक्... चक्की चालूच होती. चक्कीवाल्या केशरबाई पोत्याचं तोंड सोडत होत्या.

“थांबा!” मच्छिंद्रानं बेधडक ठोकून दिलं. “अप्पारावसाहेबांनी हे पोतं दळायचं न्हाई म्हणून सांगितलं!”

केशरबाईंचा हात थांबला. पण तेवढ्यात खुद्द अप्पारावच सोसायटीच्या रामराव चेअरमनांबरोबर तिथं येऊन टपकले!

“मी? मी कधी सांगितलं?”

“त्याच्यात फवारणीचं औषध सांडलंय,” सत्यशीला म्हणाली.

“काहीतरीच! बाटलीचं झाकण बंद व्हतं. बंद झाकणातून सांडतंय व्हय?”

मागून धापा टाकत मामा आला. सत्यशीलानं त्याच्याकडे पाहिलं. आता गप्प बसलं तर पोतं दळलं जाणार होतं आणि मामा चोरच राहणार होता. तिनं फ्रॉकच्या आतून चकती काढली. बिल्ला टण्णकन खाली पडला.

“असं सांडतंय. झाकणातली ही चकती मी काढली. मामानं कायबी केलं न्हाई. चोर मी हाये.”

बेबीनंदाचे डोळे विस्फारले. रामरावांनी ती अर्धी बाटली मागवली. मामानं हाताला फडकं गुंडाळलं, चकती झाकणात बसवली आणि बाटली उलटी धरली. थेंब नाही! मग चकती काढून पुन्हा उलटी धरली. झाकणाच्या कडेला एक थेंब जमला आणि मातीत पडला. केशरबाईंनी पोत्याचा तळ हुंगला आणि तोंडाला पदर लावला.

“अप्पाराव, खोक्यावर बाण काय शोभेला काढलाय?” रामराव कडाडले. “अन् खायच्या दाण्यावर जहर ठेवता? भिवा उद्या बराबर कामावर येईल. हे पोतं आताच्या आता खोल गाडा. तुमचं काय करायचं ते पंचांपुढं बघू!”

मग ते मुलांकडे वळले. “शाब्बास! साऱ्या गावाच्या ताटातलं जहर काढलंत तुम्ही.”

सत्यशीलाला रडू फुटलं. “मीच घातलं व्हतं ते!”

“तेबी खरं, अन् हेबी खरं,” रामराव हळूच म्हणाले.

संध्याकाळी मच्छिंद्रानं तिच्यापुढं स्वतःची चकती धरली. तिनं नको म्हणून मान हलवली. चकती नसलेलं झाकण छातीशी धरून ती ओट्याच्या कडेला उभी राहिली. हात काढला की ते पडणार होतं.

“सत्या,” मामानं हाक मारली, “उद्या भाकरी कोण आणणार?”

“मामी आणील,” ती पुटपुटली.

“तूच आण. अन् खोक्यांचे बाण वर हायेत का, तेबी बघून जा.”