शेवटची फळी

सुचेता उत्तनच्या कोळीवाड्यात ताडी मागायला आली आणि तिथंच अडकली. शहरातल्या इंद्रलोक वस्तीतली सरळमार्गी पोर, कॉलेजात यीस्टवर संशोधन करणारी. ताडीतलं यीस्ट हवं होतं तिला. पण भरदुपारी रिकामी बाटली घेऊन दारात उभ्या मुलीचं असलं कोण ऐकतं? ताडी विकणाऱ्या लूर्डसआंटीनं तिला नखशिखान्त न्याहाळलं. अंगणात लूर्डसचा मुलगा कॅल्विन होडीच्या फटींत डांबरातला कापूस ठासत होता. तो मान खाली घालून हसला. ते हसू सुचेताला डांबरासारखंच चिकटलं.

मग दर शनिवारी सुचेताची ताडी संपायला लागली.

एकदा कॅल्विननं विचारलं, त्या यीस्टमध्ये एवढं बघतेस तरी काय. एका पेशीच्या दोन कशा होतात ते, ती म्हणाली. त्यासाठी एक एन्झाइम असतं, पण एकटं असलं की नुसतं बसून राहतं. त्याचं जोडीदार प्रथिन हळूहळू साठतं, येऊन बिलगतं, तेव्हा कुठं त्याला जाग येते...

"बिलगतं?" त्यानं नजर वर केली.

"बिलगतं," ती लाल होत म्हणाली. "तरी लगेच काम नाही. वरून कुलूप असतं. आतल्या डीएनएची नक्कल पुरी आणि नीट उतरली का, हे बघितल्यावरच ते निघतं. आधीच निघालं तर पेशी मरते."

कॅल्विनचं हसू मावळलं. त्याचा बाप घाईपायीच गेला होता, फळ्या ठोकून न बघता होडी काढून. कुजलेली फळी बद्द वाजते. तेव्हापासून घरची रीत होती – सगळ्या फळ्या कॅल्विननं ठोकून बघायच्या, पण शेवटची घरच्या बाईनं. ती हो म्हणेल तेव्हाच होडी पाण्यात.

श्रावणात सुचेताला जर्मनीहून संशोधनासाठी बोलावल्याचं पत्र आलं. चार वर्षं. कॅल्विननं अभिनंदन केलं आणि पुढं मूग गिळले. सुचेता आतल्या आत जळली. माणसानं इतकं कुलूपबंद असावं?

होडी निघायची त्याच्या दुसऱ्या दिवशी तिचं विमान होतं. फादर आशीर्वाद देऊन गेले, भरती आली, माणसांनी दोर खांद्यावर घेतले. लूर्डसनं लाकडी हातोडा उचलला आणि सुचेताच्या हातात ठेवला.

"आंटी, मी परकी..."

"पोराचं डोलं मला दिसत न्हाय काय? ठोक."

सुचेतानं ठोकलं. आवाज बद्द आला. पुन्हा ठोकलं, पुन्हा बद्द. सगळे तिच्या तोंडाकडं बघत होते. पहिलाच मान, आणि त्यात नन्नाचा पाढा लावायचा? जाण्याआधी त्याची होडी पाण्यात बघायची होती तिला, एवढंच तर मागत होती.

"नका काढू," ती म्हणाली.

कोणीतरी कुरकुरलं, शिकलेल्या पोरीला होडीतलं काय कळतं. कॅल्विन गुडघ्यावर बसला, सुरी टोचली. ती लोण्यात जावी तशी आत गेली.

"सगले घरा जा," लूर्डस म्हणाली. "माझे सुनेनं न्हाय म्हटलं."

दोर खाली पडले. कॅल्विन उठला नाही. तिथूनच म्हणाला, "फळीला चार दिवस लागतील. तुला चार वर्षं. मी दोन्हीला थांबेन... मग ठोकायला येशील?"

हातोडा सुचेतानं परत दिला नाही.