'भरतीवेळ'ची बी बाजू

सौदीतल्या अबकैकच्या तेल कंपनीच्या कॅम्पात विश्वनाथच्या खोलीतला एसी गळायचा. मेंटेनन्सवाल्यांना चारदा सांगून झालं, तेव्हा त्याने खाली दूध पावडरचा रिकामा डबा ठेवला आणि तो विषय संपवला. शुक्रवारी कपडे धुऊन झाले की डब्यातली टपटप ऐकत तो मोबाईल बघत पडायचा. 'जुन्या कॅसेटी' नावाचा एक ग्रुप होता. सांगलीपासून मस्कतपर्यंतची आठशेएक मराठी माणसं त्यात तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या अल्बमांवरून तावातावाने भांडायची. कोणत्या कंपनीची टेप लवकर ताणली जायची, कुठल्या गाण्यात तबला बेसूर लागलाय, कोणाच्या मावशीच्या लग्नात कुठली बाजू वाजली होती. विश्वनाथ इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन. निम्मं आयुष्य प्रेशरचे काटे बघण्यात गेलेलं. गाण्यातलं त्याला फार कळत नसे, पण ही भांडणं वाचण्यात दुपार बरी जायची.

त्या शुक्रवारी नाशिकच्या सरिताताईंनी 'भरतीवेळ'चा विषय काढला. अठ्ठ्याऐंशी सालची भावगीतांची कॅसेट. वर गायिकेचं नाव नुसतं शालिनी, आडनाव छापायचं राहून गेलेलं. सरिताताईंची तक्रार अशी, की बी बाजूला पाचच गाणी आहेत आणि पुढे सात मिनिटं कोरी टेप. ही ग्राहकाची फसवणूक नाही तर काय?

विश्वनाथचा अंगठा स्क्रीनवर थांबला. ती सात मिनिटं त्याला चांगली माहीत होती. ती त्यानेच पुसली होती.

त्याचे वडील बाळाराम, म्हणजे अप्पा, याच अबकैकमध्ये वेल्डर होते. घरी आईला, तुळसाबाईला, वाचता येत नव्हतं, म्हणून तेव्हाची कितीतरी माणसं करायची तसं तेही कॅसेट पाठवायचे. गाण्याची कॅसेट घ्यायची, मागच्या खाचांत कागदाचा बोळा कोंबायचा म्हणजे तिच्यावर रेकॉर्डिंग होतं, आणि शेवटच्या कोऱ्या जागेत बोलायचं. एकोणनव्वदच्या मे महिन्यात बाळाराम कॅम्पात झोपेतच गेले. बारा दिवसांनी सुट्टीवर आलेल्या एका फिटरने 'भरतीवेळ' घरी आणून दिली. तुळसाबाईने दार लावून ती एकदाच ऐकली आणि ट्रंकेत ठेवली. विश्वनाथ तेव्हा अकरा वर्षांचा होता. पावसाळ्यानंतर त्याला रेडिओवरची क्रिकेट कॉमेंट्री टेप करायची होती, आणि खाचांत बोळा असलेली, म्हणजे रेकॉर्डिंग होणारी, घरात तेवढी एकच कॅसेट होती. पुढे आईने मागितली तेव्हा तो म्हणाला, बुरशी लागली, वाजत नाही. ते खोटं छत्तीस वर्षं टिकलं. अप्पा त्यात काय बोलले होते ते त्याने स्वतःही कधी ऐकलं नव्हतं.

आता आई गुहागरकडच्या घरी अंथरुणाला खिळली होती. डोळे गेले होते, दोन चमचे पेज जेमतेम पोटात जायची. डॉक्टरांनी वासंतीला, विश्वनाथच्या बायकोला, दिवस मोजायला सांगितलं होतं. आणि दर फोनवर आईचं एकच मागणं असायचं. ती कॅसेट कुठून तरी नीट करून आण, एकदा ऐकते न् जाते.

ग्रुपवर सांगलीच्या सुबोधने सरिताताईंना उत्तर दिलं. टेप कोरी नाही म्हणे. शेवटी कुणी माणूस बोलतो. स्टुडिओतलं काही राहून गेलं असेल. बायकोला निरोप सांगावा तसं बोलतो, तिला तुळसा म्हणतो.

 विश्वनाथ उठून बसला आणि त्याने शांतपणे हिशेब मांडला. अल्बम अठ्ठ्याऐंशीचा, अप्पांची कॅसेट एकोणनव्वदची, तीही एकच, आणि ती पुसलेली. दुकानातून विकत घेतलेल्या कॅसेटवर ते बोलणं येण्याची वाटच नव्हती. दुसऱ्या दिवशी सरिताताईंनी लिहिलं, की त्यांनी परत लावली, आणि खरंच माणूस बोलतो; मागच्या माडाला पाणी घाल म्हणतो. तिसऱ्या दिवशी पुण्याचे एक गृहस्थ म्हणाले, त्याच्या बोलण्यामागे कुठेतरी थेंब थेंब पाणी गळतंय.

विश्वनाथने तिघांकडेही रेकॉर्डिंग मागितलं. तिघांनीही लगेच पाठवलं. तिन्हीत सात मिनिटं नुसती खरखर होती. सुबोधने आईची शपथ घेतली. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माणूस होता. दुसऱ्यांदा लावली, तर काही नाही. बाकी दोघांचाही तोच अनुभव.

मग जेद्दाहून अदनानचा निरोप आला. तो मूळचा दापोलीचा, तिथल्या शराफिया बाजारात त्याचं घड्याळं-रेडिओ दुरुस्तीचं दुकान. वडिलांच्या जुन्या मालात 'भरतीवेळ' सापडली होती. वरचा कागदसुद्धा फाडलेला नव्हता.

विश्वनाथने त्याला लिहिलं, हात जोडतो, उघडू नका. पुढच्या शुक्रवारी दम्मामहून विमान पकडून तो जेद्दाला गेला.

दुपारच्या नमाजानंतर बाजार नुकता उघडत होता. अदनानच्या दुकानात एसी नव्हता, एक पंखा होता. आवाज नको म्हणून अदनानने तोही बंद केला. विश्वनाथने वरचा कागद काढून कॅसेट उलटसुलट करून पाहिली. मागच्या खाचा उघड्या होत्या, त्यांत बोळा नव्हता. त्यावर कुणी काही भरणं शक्यच नव्हतं. त्याने घरी फोन लावला, स्पीकर चालू करून टेपरेकॉर्डरशेजारी ठेवला आणि वासंतीला सांगितलं, फोन आईच्या कानाशी धर, काही झालं तरी काढू नकोस.

"लावू, विश्वनाथभाऊ?" अदनानने हलकेच विचारलं.

पाचवं गाणं संपलं. थोडी खरखर झाली. मग एक माणूस खाकरला.

"तुळसा, मी बाळाराम बोलतोय. मी बराय."

विश्वनाथने काउंटरची कड धरली. छत्तीस वर्षांत तो आवाज विसरला अशी त्याची समजूत होती. कौलं पावसाआधी शाकारून घे. मागच्या माडाला पाणी घाल. पोरगं टेपरेकॉर्डरशी खेळतं तर खेळू दे, हात उगारू नको. विश्वनाथच्या डोळ्यांना धार लागली आणि त्याने ती पुसली नाही.

बोलण्यामागे पाणी गळत होतं. पत्र्याच्या डब्यात, दोन थेंब लागोपाठ आणि मग एक उशिरा.

हा ताल त्याला माहीत होता. रोज तो त्यावरच झोपत होता.

मग टेपवर दुसराच कुणी बोलला. थकलेला, वयाने अप्पांहून मोठा वाटणारा माणूस. "झालं ना? बंद करू?"

"थांब जरा," अप्पा म्हणाले. "तुला काय सांगायचंय ते सांग की तिला."

टेपवर नुसते थेंब पडत राहिले.

"नंतर सांगतो," तो माणूस म्हणाला.

कॅम्पातला कुणी सोबती असेल, विश्वनाथला वाटलं. त्याने वर पाहिलं. अदनान टेपरेकॉर्डरकडे बघत नव्हता. तो विश्वनाथच्या तोंडाकडे बघत होता.

खट्ट करून बटण वर आलं. टेप संपली.

फोनवर आईचा श्वास ऐकू येत होता. "हीच ती," आई म्हणाली. आवाज क्षीण होता पण स्पष्ट. "अशीच व्हती. शेवटाला तो दुसरा बोलतो, तोही तसाच. तेव्हा मी येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना विचारलं, ह्यांच्या खोलीत कोण व्हता म्हणून. कोणी नाय, म्हणाले, एकटाच राहायचा."

विश्वनाथ फोनवर वाकला.

"तेव्हा कसा ओळखणार मी? तू एवढासा व्हतास." ती जरा थांबली. "आज ओळखला. माणसाला आपला आवाज कळत नाय, विशू. आईला कळतो."

अदनान दोन पावलं मागे सरला.

"नंतर सांगतो म्हणालास. मी वाट बघितली रे. काय सांगायचं व्हतं तुला?"

विश्वनाथने तोंड उघडलं. दुकानात पंखा बंद होता, टेप थांबलेली होती. तरीही कुठेतरी पत्र्याच्या डब्यात थेंब पडत होते, दोन लागोपाठ आणि मग एक उशिरा.