अकरा घरांचा झरा

"एकशे नव्वद, एकशे एक्याण्णव..." विमला आकडे म्हणत होती आणि भुजंग झऱ्याखाली लावलेल्या घागरीवर नजर ठेवून होता. रोज दोनशे दहाच्या आसपास घागर भरायची. आज आकडा वाढेल की घटेल यावर उद्धवने वाट्याची आंब्याची फोड पणाला लावली होती.

"थांब विमे," भुजंग म्हणाला. "पानी लाल यायलंय."

"तू हात धुतले होतेस का?" उद्धवने विचारलं.

"परवाच धुतले की!"

पण हातांचा दोष नव्हता. खडकाच्या फटीतूनच लालसर पाणी येत होतं.

विमला आणि उद्धव गंगाखेडच्या मास्तरांची मुलं. एक्याण्णव सालच्या मे महिन्यात ती सुट्टीला मालनआत्याकडे आली होती. भुजंग हा आत्याचा मुलगा. राणीसावरगावाच्या पुढे, मुख्य गावापासून तासाभराच्या चालीवर, टेकडीच्या पायथ्याशी अकरा घरांची ही वस्ती होती. सगळी घरं याच झऱ्याचं पाणी प्यायची. गुरांनी तोंड घालू नये म्हणून झऱ्यावर सपाट दगड आणि बाभळीच्या फांद्या रचलेल्या असत. वाटेने जाणाऱ्याला तो नुसता दगडांचा ढीग वाटे.

आत्याने ते पाणी ओंजळीत घेऊन पाहिलं आणि दुहेरी फडक्यातून गाळलं. मग हळूच म्हणाली, "ह्यो झरा बिघडला तर वस्ती उठवावी लागंल, लेकरांनो. दुसरं पानी न्हाई आपल्याला."

विमलाला आठवलं, आज सकाळीच टेकडीवर धडाका झाला होता. रेल्वेच्या नव्या रुळांखाली टाकायच्या खडीसाठी एका ठेकेदाराला ती अख्खी टेकडी वरून खोदत आणायची होती. चाचणीसाठी तो भोकं पाडून सुरुंग उडवत होता.

तिघं वर चढली. भोकं पाडणारा लिंबाजी कपाळाला हात लावून बसला होता. दोन पिंपं पाणी ओतलं तरी भोक भरत नाही, असं त्याने सांगितलं. "लय तहानलेलं हाय हे," तो म्हणाला.

विमलाने त्याला पुढच्या सुरुंगांचे दिवस विचारून घेतले. आत्याच्या घरातल्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या धुऊन तिने रोज झऱ्याचं पाणी भरून ठेवलं आणि त्यांवर तारीख-वेळ लिहिलेल्या चिठ्ठ्या चिकटवल्या. सुरुंग उडाला की तीन-चार तासांत पाणी लाल यायचं आणि दुसऱ्या दिवशी निवळायचं. दोनदा असंच झालं.

शनिवारी मुख्य गावाच्या चावडीवर बैठक भरली. खाणीमुळे आसपास काय नुकसान होईल, याची पाहणी केलेले साहेब अहवाल वाचत होते. धूळ, झाडं, रस्ता असं करत ते पाण्यावर आले. "टेकडीच्या परिसरात पाण्याचा एकही स्रोत नाही. खाणीस हरकत नसावी."

विमलाने सगळ्यांकडे पाहिलं. सगळ्यांच्या माना खाली होत्या.

भुजंगने तिला कानात सांगितलं, की उन्हाळ्यात जीपमधून कुणीही येऊन पाण्याचं विचारलं तर गावाचं उत्तर ठरलेलं असतं: पाणी नाही. आहे म्हटलं तर टँकर मिळत नाही. साहेबांनी लिंबाखाली बाजेवर बसून सरपंच दत्तरावांना विचारलं होतं, आणि ते सांगतील तसं लिहून घेतलं होतं.

विमला उठली. पाहुण्यांच्या पोरांनी मध्ये बोलू नये, असं दत्तरावांनी बजावलं. तेव्हा बायकांच्या घोळक्यातून आत्या म्हणाली, "बोलू द्या तिला. टँकर चार म्हैने येतो, झरा बारा म्हैने."

विमलाने सोबत आणलेल्या बाटल्या पुढे ठेवल्या आणि सुरुंगांचे दिवस सांगितले. साहेबांनी त्या उन्हात धरून पाहिल्या आणि ते हसले. मुलांनी माती कालवली असेल, असं त्यांना वाटलं.

"मग तुम्हीच काहीतरी टाका, साहेब," विमला म्हणाली. "टेकडीवरच्या भोकात. काय टाकलं ते आम्हाला सांगू नका. आम्ही खाली बसतो. काय आलं ते आम्ही तुम्हाला सांगू."

साहेबांचं हसू थांबलं. त्यांनी फाईल मिटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीने आधी पाणी भरून घेतलं. साहेब आणि लिंबाजी वर गेले. पोरांनी लबाडी करू नये म्हणून दत्तराव स्वतः झऱ्यापाशी येऊन बसले. एक तास गेला, दोन गेले. त्यांनी तीनदा घड्याळ पाहिलं. पाणी स्वच्छच होतं. उद्धव नखं कुरतडायला लागला.

अकराच्या सुमारास फटीतून गुलाबी धार आली. बघता बघता ती जांभळी झाली.

दत्तरावांनी बोट बुडवून पाहिलं. "हे तर पानी साफ कराया हिरीत टाकत्यात ते औषध हाय," ते पुटपुटले.

भुजंग टेकडीकडे पळाला. साहेब खाली आले तेव्हा त्यांच्या हातात औषधाची रिकामी पुडी होती.

"या दगडांजवळून माझी जीप दोनदा गेली," ते म्हणाले. "खाली उतरून बघणं हे माझं काम होतं. ते या मुलांनी केलं. शाबास!"

त्यांनी अहवालातली ती ओळ खोडली. नव्या ओळीसाठी सरपंचांचा जबाब हवा होता. या एका उत्तराने काय जाणार, ते दत्तरावांना पक्कं माहीत होतं.

"लिवा," ते शेवटी म्हणाले. "पानी हाय. बाराही म्हैने हाय. अकरा घरं पित्यात."

त्या टेकडीची खाण नामंजूर झाली. खडी दुसऱ्या कुठल्या तरी टेकडीतून निघाली. ते कळल्यावर, तिथे खाली उतरून कुणी पाहिलं असेल का, असं विमलाने उद्धवला विचारलं.

गावाचा टँकर मात्र त्या उन्हाळ्यात बंद झाला. आठवड्याने दत्तराव स्वतः दोन घागरी घेऊन तासभर चालत वस्तीवर आले आणि सरळ झऱ्याकडे निघाले. मालनआत्याने त्यांना हटकलं.

"दत्तरावभाऊ, रांग तिकडून हाय."

दत्तराव मुकाट्याने मागे जाऊन भुजंगच्या पाठीमागे उभे राहिले.