साडेसातची मोटार

तो पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा माझ्या तोंडात घास होता, आणि चातुर्मासात मी जेवताना बोलत नाही.

औरंगपुऱ्यात अप्पाराव मामांचं मोटारपंपांचं दुकान आहे, तिथं मी काम बघते. मामा बँकेत गेले होते. बाहेर श्रावणाची भुरभुर, आणि छत्री न मिटताच हा आत!

"एक घोडा म्हणजे किती किलोवॅट हो?"

मी हातानंच 'थांबा' म्हटलं आणि डब्याकडे बोट दाखवलं.

"नको, मी जेवून आलोय."

हसू आलं, आणि हसता हसता ठसका… पाण्याचा तांब्या त्यानंच पुढं केला. मग समोरच्या खोक्यावर बसून एकटाच बोलत राहिला. नाव इंद्रजीत. लासूर स्टेशनचा. पुण्यातली कंपनी सोडून गावात मूगडाळीची छोटी मिल काढत होता. "आमचे वडील, आण्णा, म्हणतात, यंत्र एकदा जरी अडलं नाहीतर जळालं, तरी त्याच दिवशी भंगारात घालीन, अन् तू मुकाट पुण्याची गाडी धर. तुम्हीपण मुकाट दिसता, म्हणून सांगितलं."

हात धुऊन मी म्हटलं, "जेवताना मौनाचा नेम आहे. एक घोडा, म्हणजे एक हॉर्सपॉवर, सातशे सेहेचाळीस वॅट. पाऊण किलोवॅट धरा."

तो बघतच राहिला. "बोलता की!… सातशे सेहेचाळीस? घोड्याला विचारलं होतं का?"

"हा विलायती घोडा. जर्मन घोडा सातशे पस्तीसचाच."

"म्हंजे जरा लंगडा."

त्यानंतर तो येतच राहिला. कधी पट्टा, कधी लासूरलाही मिळेल असा एखादा वॉशर. बाजारात सगळे घोडे मोजतात, पण माझ्याशी बोलताना तो हटकून किलोवॅटमध्ये बोलायचा. "आण्णांचा आवाज आज दोन किलोवॅटचा होता." "तुम्ही पाव किलोवॅट कमी दिसताय, ताप आहे का?" मी रागावल्यासारखं करायची… आणि तो गेल्यावर छत्रीतून गळलेल्या पाण्याकडे बघत बसायची. मनातलं मात्र दोघांनीही ओठांवर आणलं नव्हतं.

मग एका सकाळी त्याचा फोन. "जालन्याहून मोटार आली. साडेसातची. जीपवाला तुमच्या दाराशी उभाय, स्टार्टर देऊन टाका!"

इतर कुणी असता तर मी विचारलं असतं, साडेसात काय? पण त्याला काय विचारायचं! त्याचं सगळंच किलोवॅटमध्ये. साडेसात किलोवॅट म्हणजे दहा घोडे. मी दहा घोड्यांचा स्टार्टर बांधून दिला.

मिलच्या मुहूर्ताच्या दिवशी मी नेहमीसारखी डबा उघडून बसले. दुसराच घास. मामा फळीवर हात फिरवत म्हणाले, "दहा घोड्यांचा स्टार्टर कुठंय गं? लासूरला साडेसातचाच दिलास ना? मीच सुचवली होती ती मोटार त्याला. साडेसात घोडे, म्हणजे साडेपाच किलोवॅट."

हातातला घास मी डब्यात ठेवला.

मोटारीवर ताण आला की स्टार्टरनं तिला बंद करायचं असतं. पण मोठ्या स्टार्टरला लहान मोटारीचा ताण कळतच नाही. आणि या दमट हवेत नवा मूग… भरडताना रोलर अडला तर मोटार धुमसत राहील, जळेपर्यंत.

नेमात एकदा बोललं की पानावरून उठायचं, त्या दिवशी पुन्हा अन्न नाही. माझ्या आयुष्यात तो नेम कधी मोडला नव्हता.

"मामा, फोन द्या!"

मामांच्या हातातलं खोकं खाली पडलं.

रिंग जात राहिली. कुणी उचलेना. मी पुन्हा लावला. देवा, एवढा एक फोन उचलू दे… आणि कुणीतरी उचलला. मागं हलगीचा आवाज.

"कोण बोलायलंय?" त्याची आई, गोजरबाई.

"मी उमा, औरंगपुऱ्यातून. मोटार चालू करू नका, जळेल!"

"उमा? म्हंजे ती न बोलणारी?" त्यांचा आवाज उतरला. "अगं, मुहूर्ताला नाय म्हणायचं नसतं, पोरी. नारळ हातात धरून उभे हायेत हे. सारं गाव जमलंय."

"इंद्रजीतना द्या ना… पाया पडते."

हलगी मोठी झाली, मग लहान. त्याचा श्वास ऐकू आला.

"बोला."

"साडेसात घोडे होते ना?"

"व्हय… घोडेच. का?"

"मी किलोवॅट धरले. तुमच्याकडं दहाचा स्टार्टर आलाय. बटण दाबू नका."

मी कानाला फोन घट्ट दाबला.

"उमा, आत्ता थांबलो ना, तर आण्णा यंत्र इथंच विकतील. ते तेवढंच शोधायलेत."

"चूक माझी आहे, सांगा त्यांना. माझं नाव घ्या. काय बोलायचं ते मला बोलू दे, पण थांबा."

तेवढ्यात मागून एक जड आवाज, "काय झालं रे? दाब की बटण! का पाय गारठले?"

"नाय दाबत, आण्णा. स्टार्टर चुकीचा आलाय. उमा म्हणते, मोटार जळेल."

"कोण उमा?"

हलगी थांबली. दुकानात मामा माझ्याकडे बघत होते. मला फोन ठेवावासा वाटला, पण मी ठेवला नाही.

"दुकानातली," इंद्रजीत म्हणाला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं— "माझं चुकलं. दुकानातली नाय. जिच्याशी मला लगीन करायचंय, ती. तिला अजून विचारलं नाय. फोनवरच हाये."

इकडं मामा हळूच स्टुलावर बसले. मग आण्णांचा तोच जड आवाज फोनच्या अगदी जवळ आला.

"पोरी, मुहूर्त अडवून मोटार वाचवलीस. बरोबरचा स्टार्टर आहे का तुझ्याकडं?"

"आहे."

"अन् हा विचारतोय त्याचं?"

मी डोळे मिटले. "त्याचंही… हो."

"मग घेऊन ये," आण्णा म्हणाले, आणि बाजूला तोंड करून ओरडले, "ए, नारळ खाली ठेवा रे. सून येईस्तोवर कुणी बटणाला हात लावायचा नाय."